आतड्यातील संप्रेरके आणि भूक

जठर व आतड्यांतील पेशींतून स्रवणारी काही संप्रेरके रक्तावाटे आणि प्राणेशा तंत्रिकेमार्फत (व्हेगस) मेंदूला संदेश देऊन भूक व तृप्ती यांचे नियमन करतात.

प्रमुख संप्रेरके

घ्रेलिन हे भूक वाढवणारे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होते. मासायासु कोजिमा व केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये त्याचा शोध लावला. त्याचे रक्तातील प्रमाण जेवणापूर्वी वाढते व जेवणानंतर घटते.

कोलेसिस्टोकायनीन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, स्निग्ध पदार्थ व प्रथिने तेथे पोहोचल्यावर, स्रवते. त्यामुळे उंदरांचा आहार घटतो, हे १९७३ मध्ये दिसून आले. जीएलपी-१ व पेप्टाइड वायवाय ही संप्रेरके एल-पेशींतून स्रवतात. ती जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात व तृप्ती वाढवतात.

मेंदूतील क्रिया

अधोथॅलॅमसच्या (हायपोथॅलॅमस) आर्क्युएट केंद्रकात परस्परविरोधी कार्य करणारे दोन चेतापेशीसमूह असतात. न्यूरोपेप्टाइड वाय व एजीआरपी स्रवणाऱ्या पेशी भूक वाढवतात. घ्रेलिन त्यांना उत्तेजित करते. पीओएमसी व कार्ट असलेल्या पेशी भूक शमवतात. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील (आयसर) संशोधकांनी झेब्राफिशच्या मेंदूतील कार्ट जनुकांचे कार्य शरीरातील ऊर्जास्थितीनुसार बदलते, असे २०१४ मध्ये दाखवले.

वैद्यकीय महत्त्व

आहार कमी करून वजन घटवल्यास घ्रेलिनचे प्रमाण वाढते. त्यामुळे घटलेले वजन टिकवणे केवळ इच्छाशक्तीवर अवलंबून नसते. नैसर्गिक जीएलपी-१ काही मिनिटांतच निष्क्रिय होते. त्याच्याशी साधर्म्य असलेल्या सेमाग्लुटाइड या औषधाचा अर्धायुकाल सुमारे एक आठवडा असून ते मधुमेह व स्थूलता यांवरील उपचारांत वापरतात.