प्रौढशिक्षण पाहणीतील नमुना निवड

प्रौढांच्या शिक्षणाची पाहणी करताना घरोघरच्या प्रत्येक माणसाला न गाठता, शास्त्रीय रीतीने निवडलेल्या थोड्यांना प्रश्न विचारून सर्वांविषयी अनुमान काढण्याची पद्धत. ती खर्च वाचवण्यासाठी स्वीकारली जाते. उत्तर देणाऱ्याचा बुडणारा रोज वाचतो, हे तिचे त्याहून मोठे मोल आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत रोज बुडण्याचा हा प्रश्न फार जवळचा आहे. पश्चिमेला डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या वरच्या अंगाला महादेव कोळी व ठाकर समाजाच्या विखुरलेल्या वाड्या. तिथे पावसाळ्यात भातलावणी, पुढे हिरडा वेचणी. पूर्वेला नारायणगाव-मंचरच्या बाजारांभोवती टोमॅटो-कांद्याची बागायत. म्हणून आधी हे दोन पट्टे वेगळे करून प्रत्येकातून गावे निवडावीत, यालाच स्तरित नमुना म्हणतात. भातलावणीच्या दिवसांत डोंगरपट्ट्यात पाहणी ठेवूच नये.

२०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या सहा लाखांवर आहे. तरी साक्षरतेचे प्रमाण ९५ टक्के खात्रीने, पाच अंक इकडेतिकडे धरून सांगायला साध्या यादृच्छिक निवडीत सुमारे ३८५ प्रौढ पुरतात. एकाच वाडीतली माणसे शिक्षणात एकमेकांसारखी असतात. त्यामुळे गावनिहाय निवडीत हा आकडा दुप्पट धरणे बरे. दोन्ही पट्ट्यांचे वेगळे निष्कर्ष हवे असतील, तर प्रत्येकाला तेवढा नमुना लागतो.

घरातला कोणता प्रौढ निवडायचा, यासाठी संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये तक्ता सुचवला. तो नसला की दारात भेटेल तोच बोलतो, आणि शेतावर गेलेली बाई पाहणीतून सुटते.

भारतात राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) सुमारे १.१३ लाख कुटुंबांच्या आधारे सात वर्षांवरील साक्षरता ७७.७ टक्के निघाली. ‘असर’ ही शिक्षणाची पाहणी जिल्ह्यातील ३० गावांत प्रत्येकी २० घरे घेते. तिचा भर मात्र मुलांवर आहे.

२०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांची नावनिशी नोंद करावी लागते. तिथे नमुना चालत नाही, कारण सुटलेले नाव म्हणजे वर्गाबाहेर राहिलेला माणूस. नोंदणीनंतर वाचन कितपत टिकले हे पाहायला मात्र नमुना पुरेसा आहे. माणसे मोजकी असली की ‘वाचता येते का?’ एवढे विचारून न थांबता त्यांच्याकडून बसची पाटी किंवा रेशनकार्ड वाचून घेता येते.