चुंबकीय द्रवातून जाणारा प्रकाश

चुंबकीय द्रव म्हणजे फेरोफ्लुइड. लोहचुंबकी पदार्थाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात किंवा केरोसीनसारख्या तेलात विखुरलेले असे हे कलिल असते. कण बहुधा मॅग्नेटाइटचे, सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे असतात. त्यांच्यावर ओलेइक आम्लासारख्या पदार्थाचे वेष्टन असल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत. वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढता यावे, म्हणून नासातील स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये असा द्रव तयार केला.

अशा द्रवांचे प्रकाशाशी असलेले नाते मात्र त्याहून साठ वर्षे जुने आहे. इटलीच्या क्विरिनो मायोराना यांना १९०२ मध्ये लोहाच्या कलिलात चुंबकीय क्षेत्रामुळे दुहेरी अपवर्तन आढळले. त्यांनी वापरलेले ‘ब्राव्हे लोह’ मुळात रक्तवाढीचे औषध होते. ताज्यापेक्षा बरेच दिवस ठेवलेला नमुना अधिक परिणाम दाखवी. साठवणीत कणांचे पुंजके होतात, हे त्यामागचे कारण.

चुंबक प्रकाशकिरणाला ओढत नाही. तो कणांची दिशा आणि मांडणी बदलतो आणि प्रकाशावर दिसतो तो त्या मांडणीचा परिणाम. पातळ केलेला, कोऱ्या चहाच्या रंगाचा द्रव दोन काचांमध्ये भरून काटकोनात लावलेल्या दोन पोलरॉइडमध्ये ठेवला, तर पलीकडे अंधार दिसतो. क्षेत्र पोलरॉइडच्या अक्षांशी ४५ अंशांत येईल असा चुंबक धरला की उजेड येतो. क्षेत्र एखाद्या अक्षाशी समांतर असेल, तर अंधार तसाच राहतो. कण वा त्यांचे पुंजके एका दिशेला वळल्याने त्या दिशेचा अपवर्तनांक आडव्या दिशेहून वेगळा होतो, म्हणून हे घडते. हेच दुहेरी अपवर्तन. शोषणही दिशेनुसार बदलते. त्याला द्विवर्णता म्हणतात. क्षेत्र किरणाच्याच दिशेने असेल, तर ध्रुवणाचे प्रतल फिरते. फॅरडे यांनी १८४५ मध्ये काचेत पाहिलेला परिणाम तो हाच.

एकटा कण पाण्यात मायक्रोसेकंदाच्या आसपास वळतो. क्षेत्र पुरेसे तीव्र असेल आणि कण किंवा पुंजके मोठे असतील, तर ते एकामागे एक लागून साखळ्या बनतात. त्याला काही सेकंद, कधी काही मिनिटेही लागतात. प्रकाशातील बदल त्यामुळे दोन टप्प्यांत दिसतो, आधी झटकन आणि मग रेंगाळत. केसावर लेझर पाडला की पडद्यावर केसाला काटकोनात रेघ उमटते. साखळ्यांवर आडवा लेझर पाडल्यास तशीच रेघ क्षेत्राला काटकोनात दिसते. साखळ्या तिरप्या असतील, तर रेघ वाकून वर्तुळाकार होते. चुंबक धरल्यावर द्रव उजळेल की काळवंडेल, याचे एकच उत्तर देणे म्हणूनच चुकीचे ठरते. क्षेत्राची दिशा, थराची जाडी आणि कणांचे प्रमाण यांवर ते अवलंबून असते.

चुंबकीय द्रवाचे थेंब पाण्यात विखरून केलेल्या पायसात साखळीतले अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीइतके असते, आणि अशा साखळ्या रंग परावर्तित करतात. क्षेत्र वाढवले की थेंब जवळ येतात, रंग तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. कल्पक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात यावर बरेच काम झाले आहे. क्षेत्र मोजणारे प्रकाशतंतू-संवेदक हा दुसरा उपयोग, पण तो अजून बहुतांशी प्रयोगशाळेतलाच. संवेदकांची मोठी अडचण म्हणजे क्षेत्र काढल्यावरही काही साखळ्या लगेच तुटत नाहीत, आणि पुढचे मोजमाप आधीच्या क्षेत्राची खूण घेऊनच सुरू होते.