ॲना मणी : खऱ्या मापाची गोष्ट

श्रोतेहो, पावसाळ्यात दोन सांगलीकर भेटले की पहिला प्रश्न असतो, "आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट?" साताऱ्याकडचा माणूस विचारतो, "महाबळेश्वरला, कोयनेला पाऊस किती?" या आकड्यांवर नदीकाठची कुटुंबे घर सोडावयाचे की थांबावयाचे ते ठरवितात. मात्र आकडा देणारे यंत्र खरे की खोटे, हे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न जन्मभर विचारणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईंविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

ॲना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. वडील इंजिनियर, घरचे वेलदोड्यांचे मळे. आठव्या वाढदिवशी घरच्या रीतीने हिऱ्यांच्या कुड्या मिळावयाच्या, त्या नाकारून मुलीने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागून घेतला. हिरे पुढे भेटले ते प्रयोगशाळेत. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन १९४० साली त्या बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली दाखल झाल्या. याच संस्थेत १९३३ साली आपल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना केवळ स्त्री म्हणून प्रथम नकार मिळाला होता. त्यांनी हट्टाने प्रवेश मिळविला. ॲना मणींनी हिरे व माणके यांच्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. एकेका फोटोच्या काचेवर पंधरा-वीस तास प्रकाश पाडावा लागे. रात्रीच्या रात्री प्रयोगशाळेतच जात. पाच निबंध त्यांच्या एकटीच्या नावाने प्रसिद्ध झाले. १९४५ साली त्यांनी प्रबंध मद्रास विद्यापीठास सादर केला. एम. एस्सी. झालेली नाही, या कारणाने विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली.

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. 'कागद कुठे आहे?' हा प्रश्न आम्हीही पुष्कळदा ऐकला आहे. म्हणून हा प्रसंग आम्हांस दूरचा वाटत नाही.

बाई रडत बसल्या नाहीत. सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या आणि हवामानाची यंत्रे शिकून १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. तोवर साधी यंत्रेही विलायतेहून येत. बाईंनी सुमारे शंभर यंत्रांची रेखाचित्रे एका प्रमाणात बसविली आणि पर्जन्यमापक, तापमापक, वायुवेगमापक येथेच घडू लागले. १९५३ पर्यंत त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. प्रमाणित रेखाचित्राचे मोल लेथवर उभा राहिलेला माणूस जाणतो : ते हाती असले म्हणजे सुटा भाग कोणीही केला तरी जागेवर बसतो.

खोटे माप काय करते, ते आम्ही पाहिले आहे. एका कारखान्यात कामगारांचे जॉब एकाएकी रिजेक्ट होऊ लागले आणि मजुरी कापली गेली. युनियनने हट्ट धरून गेज तपासून घेतला. तो गेजच झिजलेला निघाला! माणसे बरोबर होती, माप चुकले होते. मापात पाप म्हणतात ते हेच. चुकीच्या मापापेक्षा माप नसलेले बरे, ही बाईंची धारणा आम्हांस त्या दिवशी पुरती कळली.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रे देशभर उभारली. १९७६ साली हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्यावर त्या वाऱ्याकडे वळल्या. देशातील वाऱ्याच्या नोंदींचा त्यांचा व डी. ए. मुळे यांचा ग्रंथ १९८३ साली निघाला. सज्जनगडाच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना आपण पाहतो. अशी पाती कोठे उभारावी, हे वारा वर्षानुवर्षे मोजल्यावाचून ठरत नाही.

१६ ऑगस्ट २००१ रोजी त्या निवर्तल्या. डॉक्टरेट अखेरपर्यंत मिळाली नाही. नाकारलेला तो प्रबंध बंगलोरच्या रामन संस्थेच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेला आहे.

श्रोतेहो, विद्यापीठाने जे माप लावले तेही एक गेजच होते. माणूस त्यात बसला नाही, तर दर वेळी माणसालाच बाद करावयाचे काय? एकदा गेजही तपासावा, एवढेच आमचे मागणे आहे.