पंचकृष्णांच्या गणनेतील एक कूट

महानुभाव परंपरेत श्रीकृष्ण, दत्तात्रेय, द्वारावतीचे चक्रपाणी, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आणि चक्रधर या पाचांना पंचकृष्ण म्हणतात. या गणनेत एक कूट दडलेले आहे. म्हाइंभटाने इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्राच्या ‘एकांक’ या भागातील निवेदन प्रमाण मानले, तर चक्रपाणी आणि चक्रधर हे तत्त्वतः दोन नव्हेत, एकच होत. मग एकच परमेश्वर दोनदा का मोजला गेला? या प्रश्नाचे उत्तर पंथाच्या पुढील इतिहासाशी, आणि परभणी जिल्ह्यातील एका कवीशीही, निगडित आहे.

प्रथम कथा पाहू. फलटणचे चांगदेव राउळ, म्हणजेच चक्रपाणी, द्वारावतीस राहत. सूप आणि खराटा घेऊन ते नगरातील रस्ते झाडीत. त्यांनी बावन्न पुरुषांना विद्यादान केल्याचेही परंपरा सांगते. कामाख्या नावाची योगिनी त्यांच्या संगाचा हट्ट धरून बसली, तेव्हा त्यांनी देहच टाकला. त्याच सुमारास भरवस, म्हणजे आजचे भडोच, येथील प्रधानपुत्र हरिपाळ मरण पावला होता. स्मशानात नेलेल्या त्याच्या शवात परमेश्वराने प्रवेश केला. आप्तांना आपला मुलगा जिवंत झाला असे वाटले. हाच पुढे चक्रधर म्हणून महाराष्ट्रात आला. मृत देह स्वीकारणाऱ्या अशा अवतारास पंथाच्या परिभाषेत ‘पतित’ अवतार म्हणतात.

परकायाप्रवेशाची कल्पना महाराष्ट्रास किंवा महानुभावांस नवी नव्हती. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात ती एक सिद्धी म्हणून येते. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. परंतु शंकराचार्य आपल्या मूळ देहात परत येतात. चक्रपाणी परत येत नाहीत. तेथे देह काही काळापुरता उसना घेतलेला आहे, येथे जुना देह कायमचा सुटलेला आहे. शिवाय सिद्धी आणि मंत्र ही महानुभाव विचारात देवतांच्या अधिकारातील गोष्ट होय. सूत्रपाठात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर असे चार पदार्थ वेगळे मानले आहेत. एक्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा देवता फळ देतात, मोक्ष देत नाहीत. म्हणून सिद्धाच्या कथेचा साचा येथे दिसत असला, तरी कर्ता सिद्ध नाही, परमेश्वर आहे.

या कथेचे वैशिष्ट्य एका आधुनिक दाखल्याने अधिक स्पष्ट होईल. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळासाठी ‘फर्गॉटन रेल्म्स’ हे काल्पनिक विश्व १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मिस्त्रा ही जादूची देवता १९८९ च्या कादंबरीमालेत मारली जाते आणि मिडनाइट नावाची मर्त्य स्त्री तिच्या जागी बसते. तेथे पद टिकते, व्यक्ती बदलते. लीळाचरित्रात व्यक्ती टिकते, देह बदलतो.

असे असूनही गणना दोन का? आमच्या मते याचे उत्तर पंथाच्या स्मरणविधीत आहे. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हा महानुभाव साधनेचा गाभा आहे, आणि या चारही गोष्टी देहाशी बांधलेल्या आहेत. झाडलोट करणारी मूर्ती वेगळी, गोदातीरी हिंडणारी वेगळी. ज्या ज्या ठिकाणी तो तो देह बसला, निजला, जेवला, ती ती ठिकाणे पूज्य ठरली. स्थानपोथीसारखा ग्रंथ त्यांचीच नोंद ठेवतो. म्हणजे गणना तत्त्वाची नसून स्मरणीय देहांची आहे.

येथेच बोरीच्या कवीचा संबंध येतो. भास्करभट्ट बोरीकराचे गाव परभणी जिल्ह्यातील बोरी हे मानले जाते. ‘शिशुपाळवध’ लिहिल्यावर, हा ग्रंथ उत्तम असला तरी निवृत्तीच्या मार्गास योग्य नव्हे, असा अभिप्राय त्यास गुरुबंधूंकडून मिळाला, अशी कथा आहे. त्यानंतर त्याने भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ रचली. या स्कंधाचा विषय लक्षात घेण्याजोगा आहे: श्रीकृष्ण निजधामास निघाला आहे आणि उद्धवास त्याच्यावाचून राहावयाचे आहे. चक्रधरांच्या वियोगानंतरच्या पिढीपुढे नेमका हाच प्रश्न होता.

मात्र त्या पिढीने नवा देह शोधला नाही. चक्रधर उत्तरापंथे गेले, ते आजही तेथे आहेत, अशी पंथाची श्रद्धा आहे. ज्याने देह टाकलाच नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या देहाची अपेक्षा कशी करावी? म्हणून पंचकृष्णांची संख्या पाचांवरच थांबली, आणि सहाव्या अवताराची जागा ग्रंथांनी घेतली. प्राचीन मराठी गद्याचा एवढा मोठा ठेवा कशातून उभा राहिला, हे समजून घेताना देहांतराची ही कथा केवळ चमत्कार म्हणून बाजूस सारता येणार नाही.