आजोबांचा हिरडा

अंधेरीच्या ऑफिसात माझी जागा पश्चिमेच्या काचेला लागून. काचेमुळे ऊन लागत नाही अशी माझी समजूत होती. पण काच अडवते ती मुख्यतः यूव्हीबी. यूव्हीए आत येतो, त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोचतो आणि कोलॅजेन कापणारी एन्झाइम्स जागी करतो. हे सगळं शेजारच्या सहकारी मुलीने समजावलं आणि तिची क्रीमची ट्यूब पुढे केली. वर लिहिलेलं: वनस्पतींतली पॉलिफेनॉल्स, कोलॅजेनचं रक्षण.

मला हसूच आलं. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन, आणि माझे आजोबा धारावीत कातडी कमवायचे. आम्ही ढोर. संत कक्कय्यांच्या नावाचा रस्ता धारावीत आहे, ते कक्कय्या आमचे.

चुन्यात टाकून केस काढलेलं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवायचं. मग त्याचीच पिशवी शिवून टांगायची, आत तेच पाणी भरायचं, झिरपलं की पुन्हा वरून ओतायचं. त्या पाण्यातलं टॅनिन म्हणजे पॉलिफेनॉलच. ते कोलॅजेनच्या तीन पेडांच्या दोरीला धरून बसतं, म्हणून कातडं कुजत नाही. (ही तीन पेडांची रचना 1954 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. आजोबा तेव्हा पिशव्याच शिवत होते.) उन्हात बाभळीचं टॅनिन लालसर होत जातं, हिरड्याचं त्यामानाने टिकतं. कोल्हापुरी चपलेत दोन्ही असतात.

जिवंत त्वचेचं गणित वेगळं. प्रयोगशाळेत पॉलिफेनॉल्स फ्री रॅडिकल्स पकडतात, पण ट्यूबमधली किती आत पोचतात हा प्रश्न उरतोच. सनस्क्रीनला ती पर्याय नाहीत.

भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरातला हिरडा महादेव कोळी आजही गोळा करतात. एकेकाळी मुंबई बंदरातून तो विलायतेच्या टॅनऱ्यांना जायचा. मग क्रोम आलं. अमेरिकेत 1884 साली पेटंट, 1903 च्या सुमारास मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांचे प्रयोग. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. पुढे वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला गेला आणि धारावीतल्या बऱ्याच टॅनऱ्याही उठल्या.

आम्हाला गावाबाहेर ठेवलं ते वासामुळे, असं लोक सांगतात. पण विहिरीवरची मोट याच कातड्याची असायची, आणि तिचं पाणी शेताला चालायचं.

"हसलास का?" तिने विचारलं. "काही नाही," म्हणालो. पाच वर्षं झाली, आजोबा काय करायचे हे त्या मजल्यावर मी कुणाला सांगितलेलं नाही. हा लेख छापून आला की पहिली लिंक तिला पाठवणार आहे.