मॅनेज्ड नेटवर्क स्विचवर अलर्ट कसे लावतात?

सोसायटीचे सीसीटीव्ही, दवाखान्यातले बिलिंग, ऑफिसचे वाय-फाय या सगळ्यांच्या केबल शेवटी ज्या पेटीत येतात, तो नेटवर्क स्विच. त्याचे एखादे पोर्ट बंद पडले तरी आवाज होत नाही. चोरी झाल्यावर फुटेज शोधायला जावे, तेव्हा कॅमेरा कित्येक दिवस बंद होता हे कळते. अलर्ट लावलेले असतील तर हीच गोष्ट काही मिनिटांत मोबाइलवर येते.

मॅनेज्ड स्विच म्हणजे काय?

साधा स्विच केबल जोडली की चालू होतो, पण त्यात सेटिंग नसते आणि तो स्वतःबद्दल काही सांगत नाही. मॅनेज्ड स्विचला स्वतःचा आयपी अॅड्रेस असतो. त्यात लॉगिन करून प्रत्येक पोर्टची स्थिती, ट्रॅफिक आणि एरर पाहता येतात. खरेदी करताना त्यात एसएनएमपी आणि सिसलॉग या दोन्ही सोयी आहेत का, हे तपासावे.

माहिती बाहेर कशी येते?

पोलिंग : मॉनिटरिंग सर्व्हर ठरावीक वेळाने, साधारण दर १ ते ५ मिनिटांनी, एसएनएमपीद्वारे स्विचची विचारपूस करतो. यासाठी यूडीपी पोर्ट १६१ वापरले जाते.

ट्रॅप : काही घडले की स्विच स्वतःहून सर्व्हरच्या यूडीपी पोर्ट १६२ वर निरोप पाठवतो.

सिसलॉग : स्विचमधल्या नोंदी सर्व्हरकडे जातात, बहुधा यूडीपी पोर्ट ५१४ वर. नोंदींना ० ते ७ अशा पातळ्या असतात. आकडा जितका लहान, तितकी गोष्ट गंभीर.

फक्त ट्रॅपवर विसंबून चालत नाही. ट्रॅप पोहोचल्याची पोच मिळत नाही, आणि वीज गेलेला स्विच निरोप पाठवूच शकत नाही. म्हणून पोलिंगही हवे.

सेटअपच्या पायऱ्या

१. आधी एनटीपी लावून स्विचचे घड्याळ बरोबर करावे. वेळ चुकीची असेल तर नोंदींचा क्रम लागत नाही.

२. एसएनएमपीची तिसरी आवृत्ती निवडावी. जुन्या आवृत्त्यांत पासवर्डसारखी वापरली जाणारी कम्युनिटी स्ट्रिंग उघडी जाते, आणि अनेक ठिकाणी ती 'पब्लिक' अशीच राहिलेली असते. परवानगी फक्त वाचण्याची आणि फक्त सर्व्हरच्या आयपीला द्यावी.

३. ट्रॅप आणि सिसलॉगसाठी सर्व्हरचा आयपी भरावा. सिसलॉगची पातळी ४, म्हणजे वॉर्निंग, ही सुरुवातीला ठीक. मात्र पोर्ट बंद झाल्याची नोंद कोणत्या पातळीवर होते, हे कंपनीनुसार बदलते. ते पाहून घ्यावे.

४. झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्विच जोडून ईमेल किंवा टेलिग्रामवर संदेश सुरू करावेत.

५. एका पोर्टची केबल मुद्दाम काढून संदेश येतो का, हे पाहावे. ही चाचणी झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

कोणते अलर्ट हवेत?

पोर्ट बंद : अपलिंक, सर्व्हर, कॅमेरा आणि वाय-फायच्या पोर्टसाठीच. लॅपटॉप रोज संध्याकाळी बंद होतात, त्यांचे अलर्ट नकोत.

पीओई : केबलमधून वीज देण्याची स्विचची एकूण क्षमता मर्यादित असते. ३७० वॉटच्या २४ पोर्टच्या स्विचवर प्रत्येक पोर्टला सरासरी १५.४ वॉटच येतात. ३० वॉट मागणारी उपकरणे वाढली की काही पोर्टना वीज मिळत नाही. ८० टक्क्यांवर इशारा लावावा.

सीआरसी एरर : खराब केबल, सैल कनेक्टर किंवा डुप्लेक्सची जुळणी नसणे ही नेहमीची कारणे. एकूण आकडा न पाहता तो किती वेगाने वाढतो, ते पाहावे.

ट्रॅफिक : मोजणीसाठी ६४ बिटचा काउंटर निवडावा. १ गिगाबिटचे पोर्ट पूर्ण भरून वाहत असेल, तर ३२ बिटचा काउंटर सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो आणि आकडे चुकतात.

याशिवाय तापमान, पंखा, चुकीचे लॉगिन, सेटिंगमधील बदल आणि लूप यांवरही अलर्ट हवेत. एकाच केबलची दोन्ही टोके चुकून स्विचला जोडली गेली आणि लूपपासून संरक्षण सुरू नसेल, तर सगळे नेटवर्क ठप्प होऊ शकते.

अलर्टचा भडिमार कसा टाळावा?

दिवसाला शंभर संदेश आले की लोक ग्रुप म्यूट करतात आणि खरा अलर्ट त्यातच हरवतो. म्हणून ट्रॅफिक सलग ५ मिनिटे ८० टक्क्यांवर राहिला तरच संदेश यावा, आणि ७० टक्क्यांखाली उतरल्यावरच तो अलर्ट मिटावा. मुख्य स्विच बंद पडला तर त्याच्या मागच्या वीस उपकरणांचे वीस संदेश न येता एकच यावा, अशी अवलंबित्वाची सोयही सॉफ्टवेअरमध्ये असते.

शेवटचा मुद्दा अनेकदा राहून जातो. इंटरनेटची लाइनच तुटली तर ईमेल आणि टेलिग्रामही अडकतात. त्यासाठी सिमकार्डवर चालणारा एसएमएस मोडेम ठेवावा, किंवा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरून जोडणीची तपासणी सुरू ठेवावी.