पडद्याचे तोंड कोणाकडे?

अवध प्रांत इंग्रजांनी 1856 साली खालसा केला. त्यानंतरच्या लखनौच्या कचेऱ्यांत एक दृश्य नित्याचे झाले होते. मेजाच्या एका बाजूस लिहिणारा मुन्शी, दुसऱ्या बाजूस हात जोडून उभा असलेला अर्जदार आणि मध्ये कागद. कागदाचे तोंड मुन्शीकडे. शिकस्ता वळणाच्या फार्सी लिपीत त्यावर काय उतरत आहे, हे बहुसंख्य अर्जदारांना कळावयाचे नाही. आपल्याकडील चित्र फारसे निराळे नव्हते. कुळकर्ण्याची मोडी गावातल्या किती कुळांना लावता येत असे?

1898 साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने एक शिष्टमंडळ लेफ्टनंट गव्हर्नर सर अँटनी मॅक्डॉनल यांना भेटले. पुढे 18 एप्रिल 1900 च्या ठरावाने नागरीत अर्ज करण्याची मुभा मिळाली आणि समन्से दोन्ही लिप्यांत काढावीत असे ठरले. उर्दूच्या अभिमान्यांना हा आपल्या भाषेवरील घाला वाटला व त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लखनौतच निषेधसभा भरली. तो वाद मोठा आहे व तो आजचा विषय नव्हे. मजकूर ज्याच्याविषयी लिहिला जात आहे त्यालाही तो वाचता यावा, एवढाच त्यातला धागा मला येथे हवा आहे.

कारण कागदाची जागा आता संगणकाने घेतली आहे, आणि संगणकास आरंभी एकच पडदा असे.

एका यंत्रास दोन पडदे जोडण्याची सोय तशी जुनी आहे. ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक विक्रीस आणला, तेव्हा त्यासोबत चित्रदर्शनाची दोन निरनिराळी कार्डे मिळत. एक केवळ अक्षरांसाठी, एकरंगी परंतु रेखीव. दुसरे रंगीत आकृत्यांसाठी, पण अक्षरांच्या बाबतीत ओबडधोबड. दोघांना स्मृतीतील निरनिराळे पत्ते नेमून दिलेले असल्यामुळे दोन्ही कार्डे एकाच यंत्रात भांडण न करता नांदत. 1983 साली आलेल्या लोटस वन-टू-थ्री या हिशेबाच्या प्रणालीने याचा लाभ घेतला: एका पडद्यावर आकड्यांचा तक्ता, दुसऱ्यावर त्याचा आलेख. 1987 च्या मॅकिंटॉश टू या यंत्राने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यात अनेक कार्डे बसवून शेजारशेजारचे पडदे मिळून एकच सलग पाट करता येत असे. विंडोज 98 ने हीच सोय नऊ पडद्यांपर्यंत सर्वसामान्यांच्या हाती दिली. 1999 साली कॅनडाच्या मॅट्रॉक्स कंपनीचे जी-400 हे कार्ड आले व एकाच कार्डास दोन पडदे जोडणे साध्या घरगुती ग्राहकाच्याही आवाक्यात आले.

यातले मर्म थोडक्यात सांगतो. कार्डाच्या स्मृतीत चित्र साठवलेले असते; एक मंडल ते सेकंदाला साधारणतः साठ वेळा वाचून पडद्याकडे धाडते. पडद्यांवर भिन्न चित्रे हवी असतील तर प्रत्येकासाठी असा स्वतंत्र वाचक हवा. म्हणूनच काही जुन्या कार्डांच्या पाठीवर खोबणी तीन असत, पण एका वेळी पडदे दोनच चालत. याउलट केवळ फाटा फुटलेली तार जोडली तर दोन्हीकडे एकच चित्र जाते. पहिला प्रकार विस्ताराचा, दुसरा प्रतिबिंबाचा. तंत्रज्ञ दुसऱ्यास कमी लेखतात. सरकारी मेजावर मात्र मोल दुसऱ्याचेच अधिक, असे माझे मत आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. या नोंदणीच्या साहित्यात बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बुबुळांचे चित्र घेणारे यंत्र यांच्या जोडीला एक अधिकचा पडदाही सांगितलेला होता; तो नागरिकाकडे तोंड करून ठेवावयाचा, म्हणजे लिहिणारा काय लिहितो हे त्याला तिथल्या तिथे पाहता यावे. ठशांच्या यंत्राची चर्चा देशभर झाली. या पडद्याविषयी मी कोणास बोलताना ऐकले नाही.

त्याची गरज लखनौतल्या मराठी माणसाला विशेष जाणवते. नोंद इंग्रजीत व स्थानिक भाषेत अशी दुहेरी होते, आणि रोमन अक्षरांवरून नागरी रूप यंत्र आपणच सुचविते. काळे हे आडनाव रोमन लिपीत गेले की ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला भेद तेथेच मिटतो. हिंदीच्या नित्य व्यवहारात ‘ळ’ नाहीच; तेव्हा बाहेर येतात ते ‘काले’, आणि त्याचा अर्थ येथे कोणास सांगावा लागत नाही! ज्ञानेश्वराचा उच्चार आपण ‘द्न्य’ने करतो, हिंदी भाषिक ‘ग्य’ने, म्हणून रोमन लिपीत त्याची दोन निरनिराळी नावे होतात. पुढे निवृत्तिवेतनाच्या कागदावर एक नाव व बँकेच्या खात्यावर दुसरे असले, की एखाद्या वृद्ध विधवेला सिद्ध करीत बसावे लागते की आपण दोघी नसून एकच आहोत. अशा फायली माझ्या मेजावरून गेल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा चुका एका अक्षराच्या होत्या, आणि ते अक्षर लिहिले जात असताना ती बाई समोरच्याच खुर्चीवर बसलेली होती.

एका नोंदणी केंद्रावर मी दुसरा पडदा पाहिला तो भिंतीकडे वळविलेला. विचारता उत्तर मिळाले, “साहेब, लोक मध्येमध्ये बोलतात, काम खोळंबते.” दुसऱ्या एका ठिकाणी पडदा नागरिकाकडेच होता, परंतु प्रतिबिंबाऐवजी विस्तारावर लावलेला, त्यामुळे समोरच्या म्हाताऱ्याला नावाऐवजी निळे आकाश व हिरवी टेकडी दिसत होती आणि तो ती मोठ्या आदराने न्याहाळीत होता. तेथल्या मुलाने विंडोजची कळ व ‘पी’ ही अक्षरकळ एकत्र दाबून प्रतिबिंबाचा पर्याय निवडला. टेकडी गेली, नाव आले. म्हाताऱ्याने चष्मा पुसला, पडद्यावर बोट टेकविले आणि म्हणाला, “बेटा, इसमें तो बड़ी ई लगेगी.”